मेगरला लावलेलं हळदकुंकू

फोन आला तेव्हा मी एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर एसीचं बाहेरचं युनिट उघडून बसले होते. हात काळे, तोंडावर धूळ, फोन खांद्यानं कानाशी धरलेला. पलीकडून विद्युत निरीक्षक कार्यालयातला आवाज म्हणाला, "परवा सकाळी साहेब तपासणीला येतील. दुकानात थांबा, सगळी साधनं चालू स्थितीत दाखवायची आहेत." मी "हो सर, हो सर" म्हणत फोन ठेवला आणि त्या तापलेल्या गच्चीवर चक्क नाचले. खाली मांडववाले खांब रोवत होते. त्यांना वाटलं, बाईला शॉक बसला.

एवढं नाचण्यासारखं काय होतं, ते सांगते. फ्रीज, एसी आणि दूध थंड करायच्या टाक्या दुरुस्त करणं हा माझा धंदा. आयटीआय केलं, लग्न होऊन कर्जत तालुक्यात आले आणि नगरच्या एका कंत्राटदारांच्या हाताखाली कामाला लागले. नगरला आता अहिल्यानगर म्हणायचं, पण एसटीच्या रांगेत अजून नगरच चालतं. नियम असा, की टाकीला किंवा शीतगृहाला मोठी वीजजोडणी द्यायची तर ती परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदारानंच द्यायची आणि चाचणीच्या अहवालावर सहीही त्यानंच करायची. त्यामुळे टाकी मी बसवायची, वायरी मी ओढायच्या आणि सहीला मालकांची वाट बघायची. मालक माणूस देवासारखा, पण देवासारखाच लवकर भेटायचा नाही. दूध मात्र कुणासाठी थांबत नाही.

शेवटी मालकांनीच सांगितलं, "तू स्वतःचा परवाना काढ. माझी सही किती दिवस उसनी घेशील?" मग सुपरवायझरचं प्रमाणपत्र झालं, अनुभवाचे दाखले झाले, नगरच्या खेपा झाल्या. राहिली होती फक्त जागेची आणि साधनांची तपासणी. आणि त्याच सुमाराला आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रानं नवी मोठी टाकी घ्यायचं ठरवलं. केंद्राचे सचिव म्हणाले, "वहिनी, परवाना हातात आला तर काम तुमचंच. पण ऊन वाढायच्या आत टाकी चालू पायजे. तपासणीत काय अडकलं तर मंग मला दुसरा मानूस बघावा लागंल."

माझ्या नावावरचं पहिलं काम, तेही माझ्या गावात, जिथं माझ्या सासूबाई रोज सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन दूध घालायला जातात! मला झोप लागेना. घराच्या पुढच्या खोलीत मी दुकान थाटलं होतं, त्याची पाटीसुद्धा आधीच रंगवून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. नवरा दुधाचा टेम्पो चालवतो आणि बोलण्यात कुणाला सोडत नाही. पाटी बघून म्हणाला, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." मी म्हटलं, "नवरा नाही, नवरी. आणि बाशिंग रंगवून झालंय."

सासूबाईंचा उत्साह तर माझ्याहून दांडगा. त्यांना परवाना म्हणजे नेमकं काय ते ठाऊक नव्हतं, पण एकदा सही वेळेवर मिळाली नाही म्हणून जुन्या टाकीची जोडणी अडली होती आणि गावाचं सकाळचं दूध नासून ओढ्यात ओतावं लागलं होतं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. केंद्रावर त्या सगळ्यांना सांगत सुटल्या, "आता आमच्या सुनंचीच सही चालनार हाय. मग बघा दूध कसं नासतंय ते!"

साधनांपैकी एकच यायचं होतं, मेगर. वायरीच्या आवरणातून वीज कुठं झिरपते का, ते मोजायचं हे यंत्र. चौकोनी डबा, बाजूला फिरवायचा दांडा, वर वायरी जोडायला दोन पितळी खुंट्या. दांडा गरागरा फिरवायचा. काही झिरपत असेल तर काटा खाली लोळतो आणि सगळं ठीक असेल तर थेट अनंताच्या खुणेवर, आडव्या पडलेल्या आठावर, जाऊन टेकतो. मी मुद्दाम नवं कोरं मागवलं होतं. ते कुरिअरवाल्यांनी पाठवलं मुंबईकडच्या कर्जतला! आमच्या कर्जतकरांच्या नशिबी हे आहेच. लग्नपत्रिका तिकडं जातात, पाहुणे तिकडं उतरतात. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, म्हणत मी कुरिअरच्या माणसाला फोनवर असं झापलं, की तो बिचारा शेवटी मला मावशी म्हणायला लागला. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्यानं टेम्पोतून खोकं आणलं. मी ते उघडलं, मेगरवरून नुसता हात फिरवला आणि ठरवलं, सकाळी आंघोळ करून मगच दांडा फिरवायचा.

सकाळी आंघोळ करून दुकानात आले तर सासूबाईंनी सगळी पूजा उरकलेली! टेबलावर साधनं ओळीनं मांडलेली, प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल, उदबत्ती लावलेली, नारळ फोडलेला. आमच्याकडं नवी शिलाई मशीन असो, नवा ट्रॅक्टर असो नाहीतर नवा मिक्सर, पूजेशिवाय कुणी हात लावत नाही. मला इतकं बरं वाटलं, की मी वाकून त्यांच्या पाया पडले. तेवढ्यात बाहेर जीप थांबली आणि दांडा फिरवायचा राहूनच गेला.

साहेब पन्नाशीचे, शांत, कमी बोलणारे. त्यांनी जागा बघितली, हातमोजे बघितले, अर्थिंगचा खड्डा बघितला. आमच्या कोरड्या मुलखात त्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं. ते घातलंय का, हे त्यांनी वाकून बोटानं तपासलं. एकेका गोष्टीला ते "ठीक" म्हणत होते आणि प्रत्येक "ठीक"ला माझ्या छातीत ढोल वाजत होता. सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून, पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

"मेगर चालवून दाखवा. आधी वायरी मोकळ्या ठेवून."

मी झेंडूचं फूल बाजूला ठेवलं, डबा डाव्या हातानं दाबून धरला आणि झोकात दांडा फिरवला. वायरींची टोकं मोकळी, म्हणजे काटा अनंतावर जायला हवा. काटा थोडा हलला आणि खालीच लोळत राहिला.

पुन्हा फिरवला. तेच.

"वायरी खराब असतील," मी म्हणाले आणि वायरी काढूनच टाकल्या. आता खुंट्यांना काहीच जोडलेलं नव्हतं. फिरवला. काटा तिथंच.

"नवीन आहे साहेब, कालच आलंय."

"नवीन असलं तरी चालायला पाहिजे ना, ताई," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण हातातल्या पेनाचं टोपण त्यांनी काढलं होतं. एकदा त्यांनी 'साधन नादुरुस्त' लिहिलं, की पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख, आणि टाकीचं काम दुसऱ्याच्या घशात. मला कुरिअरवाल्याचा राग आला, कंपनीचा आला, जगातल्या दोन्ही कर्जतांचा आला. त्या तिरमिरीत डबा गच्च धरून मी दांडा आणखी जोरात फिरवला. आणि माझ्या अंगठ्याला लाल मुंगी चावल्यासारखं झालं.

मी अंगठा बघितला. पिवळा.

मग मेगर बघितला. म्हणजे खरोखर पहिल्यांदा बघितला. दोन पितळी खुंट्यांच्या बरोबर मधोमध, या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत, ओल्या हळदकुंकवाचं झकास स्वस्तिक! वरून वाळलेलं, आतून ओलं, आणि त्यावर नारळाचं पाणीही शिंपडलेलं. माझी सगळी वीज त्या स्वस्तिकावरून आरामात इकडून तिकडं जात होती. ते मला दिसलं नव्हतं असं नाही. आमच्याकडं नव्या वस्तूवर हळदकुंकू नसेल तर ते डोळ्यांत खुपतं, असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. साहेबांच्याही आलं नव्हतं.

मला मोठ्यांदा हसू फुटलं. साहेब चमकले. पण स्पिरिटचा बोळा हातात घेतला आणि माझं लक्ष दाराकडं गेलं. सासूबाईंना सगळं कळलं होतं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. पहाटे उठून, न खातापिता, हौसेनं काढलेलं स्वस्तिक त्यांच्यासमोर पुसायचं म्हणजे माझाही हात धजेना.

"आई, पुसते हं," मी म्हटलं.

"पूस बाई," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

मी पुसलं. खुंट्या लखलखीत केल्या, कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसल्या आणि दांडा फिरवला. काटा सुर्रकन उठला आणि थेट आडव्या आठावर जाऊन टेकला. असा देखणा आठ मी जन्मात पाहिला नव्हता. साहेब "ठीक" म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. चहा झाला. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकत ते जीपकडं बोट दाखवून म्हणाले, "दसऱ्याला मीही हिला हळदकुंकू लावतो. पण हेडलाइटच्या काचेवर नाही लावत." मी हसत हसत आत गेले, सासूबाईंना सांगायला. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांना हसू आलं नाही.

परवाना आला. पाटी भिंतीकडून वळून रस्त्याकडं तोंड करून लागली. नवऱ्यानं टेम्पोचा हॉर्न वाजवत गावातून दोन फेऱ्या मारल्या. पेढे वाटले, सासूबाईंनी देवापुढं ठेवले, माझी दृष्ट काढली, सगळं केलं. पण दुकानात त्या पाऊल टाकेनात. नवं ड्रिल आणलं, म्हटलं, "आई, पूजा करा." तर म्हणाल्या, "तुझं तू कर. माझ्या हातानं इस्कोट व्हतो." मी समजावलं, चिडले, रुसले. काही उपयोग झाला नाही. परवाना मिळाल्याचा आनंद पोटात मावत नव्हता आणि त्याच पोटात हे एक कुसळ टोचत होतं.

नवी टाकी चालू करायचा दिवस उजाडला. ऊन चढायला लागलं होतं, पण टाकी वेळेत उभी होती. स्टीलची, चकचकीत, माझ्या हातानं जोडलेली. गाव जमलं होतं, बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. सचिवांनी पूजेचं ताट सासूबाईंपुढं धरलं. "मावशी, सगळ्यात जुन्या दूधवाल्या तुमी. हळदकुंकू तुमच्याच हातनं."

सासूबाई दोन पावलं मागं सरकल्या. "नगं बाबा, माझा हात नगं. दुसऱ्या कुनाला तरी सांग."

मला रडूच आलं. भर गावात, हातात वायरी घेऊन. पण आधी काम. मी मेगर जोडला, दांडा फिरवला. काटा आठावर गेला. एकेक जोडणी तपासली, प्रत्येक वेळी आठावर. अहवाल टाकीच्या झाकणावर ठेवला आणि जिथं इतकी वर्षं मालकांची सही व्हायची, तिथं माझी केली. सही जरा वाकडी आली. येऊ दे.

मग मेगर त्याच्या पेटीत ठेवला, पेटी बंद केली आणि ती उचलून सासूबाईंच्या पुढ्यात धरली.

"लावा आता."

"अगं नगं, बिघडंल."

"न्हाई बिघडत. माझं मोजून झालंय. आता तुमची पाळी. तुमी लावल्याबिगर मी बटन दाबनार न्हाई. दूध नासलं तर तुमच्यामुळं."

रांगेतल्या बायका हसल्या. मग सचिवांच्या हातातल्या ताटाकडं न बघता सासूबाईंनी कमरेच्या पिशवीत हात घातला आणि कागदाची एक छोटी पुडी काढली. घरून बांधून आणलेली. पुडीच्या घड्या पार मऊ पडल्या होत्या, म्हणजे ती कालपरवाची नव्हती. त्यांनी ती उघडली, चिमटीत हळदकुंकू घेतलं, पेटीजवळ नेलं आणि थांबल्या.

"कोरडंच आनलंय," त्या हळूच म्हणाल्या. "कोरड्यातनं करंट जात न्हाई ना?"