हद्दीकाकांचा दगड

आमच्या मोरिवलीच्या चाळीत कसलंही भांडण पेटलं, की हद्दीकाका आधी एकच विचारत, "दगड कुठाय?" मग ते नळावरचं असो की सासू-सुनेचं. जमीनमोजणीच्या खात्यात जन्म गेलेला माणूस. हद्दीचा दगड सापडल्याशिवाय मत द्यायचं नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो.

मग नोटीस आली. सरकारी घरं बांधायची आहेत, महिन्याभरात जागा सोडा. घरं बांधणाऱ्या खात्याच्या नकाशात चाळ त्यांच्या जमिनीवर होती, कारखान्यांच्या वसाहतीच्या नकाशात वसाहतीत, आणि महसूलच्या नकाशात गावठाणात, म्हणजे आमच्याच जागेत. काका या तिघांना 'तिघी जावा' म्हणत. "एकीनं रांधलेलं दुसरी ताटात घेत नाही," असं कुरकुरत ते अंबरनाथ-उल्हासनगर खेपा घालत राहिले. तिघांनी एकाच दिवशी एकत्र मोजणी करावी, एवढंच त्यांचं मागणं. इकडे आईने भांडी बांधायला काढली होती.

मुदतीला दोन दिवस उरले असताना तिघे आले. कोपऱ्यावर जेसीबी येऊन उभाच होता. मोजणी सुरू करायला जुना दगड हवा, तो काही सापडेना. साहेब लोक आपापल्या नकाशांच्या घड्या घालू लागले. तेवढ्यात काका आमच्या मोरीपाशी उकिडवे बसले. जमिनीत रुतलेल्या, साबणाने गुळगुळीत झालेल्या दगडावर त्यांनी ओलं बोट फिरवलं. मोजणीची पुसट फुली दिसली.

"अगो बाय, मी तर यावर कपरं धुतंय!" आई म्हणाली.

तिथून टेप लागली. चाळ गावठाणात बसली. टोकाची एकच खोली हद्दीबाहेर गेली. ती काकांची.

तरुण मोजणीदार हळूच म्हणाला, "काका, दीड हाताचाच फरक आहे. अ‍ॅडजस्ट करू ना."

"म्हणजे पुन्हा तीन नकाशे," काका म्हणाले. "आहे तसं लिही."

पंचनाम्यावर पहिली सही त्यांनीच केली. मला त्यांचा भयंकर राग आला. आमचं घर वाचलं होतं, म्हणून तो गिळता आला.

काका बदलापूरला मुलीकडे राहायला गेले. दर रविवारी त्यांचा फोन यायचा, "दगड कुठाय?" मी म्हणायचो, "जागेवर आहे, काका." मग समाधानाने ठेवून द्यायचे.

गेल्या महिन्यात फोन आला तो त्यांच्या मुलीचा. मी बदलापूरला पोचलो तेव्हा काकांना खाली निजवलं होतं. पाया पडताना कुणी काही विचारलं नव्हतं, तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "जागेवर आहे, काका."