चिखलात म्हटलेला धवला

माझ्या बायकोचं माहेर रेवसला. तिथे धवलारणीशिवाय हळद लागत नाही. धवलारीण म्हणजे लग्नाची गाणी, धवले, म्हणणारी बाई. ती गाण्यातून एकेका देवाचं नाव घेऊन त्याला मांडवात बोलावते, मगच नवरदेवाच्या अंगाला हळद. एखादा देव राहिला तर तो रुसतो. माझी सासू सगळ्या गावाची धवलारीण, पण म्हातारपणी तिचा आवाज बसला तो बसलाच. धाकट्या मेव्हण्याचं लग्न निघालं तेव्हा तिने लेकीला निरोप धाडला, या वेळी तू म्हण. तू नाही आलीस तर तुझी चुलती म्हणेल, आणि हा मान आपल्या घरातून गेला समज.

बायकोची झोप उडाली. लहानपणापासून ती आईच्या मागे बसून म्हणत आली होती. पुढे बसून एकदाही नाही.

साल पंच्याहत्तर-शहात्तर असेल. आमच्या बेलापूरच्या खाडीवर तेव्हा शहर नव्हतं, नुसते नव्या मुंबईचे मोजणीवाले यायचे. गाडीने रेवस म्हणजे पनवेल, पेण, अलिबाग असा मोठा वळसा. मी म्हटलं, होडीने जाऊ. घरची शिडाची होडी होती, बाप तिच्यातून मीठ न्यायचा.

हळदीच्या दिवशी पहाटेच ओहोटीबरोबर निघालो. मी, बायको, माझी आई आणि दोन पोरं. जमिनीवरून सुटणारा गार मतलई वारा शिडात भरला आणि होडी अशी पळायला लागली की मला वल्हं हातात घ्यावं लागलं नाही. मागे खारघरचे डोंगर काळे, मग निळे, मग ऊन पडल्यावर हिरवे. पोरगी म्हणाली, "बाबा, डोंगर आपल्यासंगं येतात." आईने भाकरी आणि भाजलेले बोंबील काढले. घारापुरीचा डोंगर जवळ आला तशी पोरं पाण्यात हात घालून एकमेकांना भिजवायला लागली. बायको तेवढी गप्प. ओठ हलत होते.

न्हावा गावाच्या पुढे खडक उघडे पडलेले दिसले, कालवांनी भरलेले. आई म्हणाली, "सोयऱ्यांकडं हात हलवत जायाचं? कालवं काढू थोडी." माझ्या आधी बायकोनेच कोयता उचलला. कालवं म्हटल्यावर तिला कशाचं भान राहायचं नाही. मग सगळेच खडकावर. पोरं शिंपल्या फोडून कच्चीच गिळत होती. टोपली भरली आणि मागे बघतो तर पाणी गेलेलं. होडी चिखलात कूस टेकून बसली होती, उन्हात म्हैस बसावी तशी.

"अवो, आता?"

"भरती आल्यावर."

"कवा येल?"

"दुपार कलल्यावर."

"म्हंजे गेली हळद चुलतीच्या हाती."

ती होडीत जाऊन पाठ फिरवून बसली. मला वाटलं रडणार. आई तिच्या समोर जाऊन बसली. "बसलीच हायस तर म्हन. पाठ तरी हाय का नाय ते बगूया."

बायकोने सुरुवात केली. आवाज आधी कापत होता. चार देव झाले आणि अडली. आईने लगेच आमच्या गावचा देव पुढे केला, "आता बापदेव."

"नाय आये, आमच्याकडं समिंदराला बोलावतात."

"बापदेवाला सोडून समिंदर? तुजी आई असंच म्हनायची?"

"लगीन आमच्याकडं हाय."

"हाय तर हाय. बापदेव वाटंवर बसून ऱ्हायल काय?"

अशी जुंपली दोघींची. पण भांडता भांडता बायकोला पुढचं सगळं आठवत गेलं. आवाजही मोकळा झाला. पोरगा नवरदेव होऊन फळीवर बसला आणि बहिणीने त्याला हळदीऐवजी चिखल फासला. लांबून चिखल तुडवत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरणारा एक बाप्या चालला होता. गाणं ऐकून तो थांबला.

"कोनाचं लगीन हाय?"

"होडीचं," मी म्हटलं. "अडून बसलीय, नवरा पसंत नाय."

बायको इतकी हसली की पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं. तिचं ते हसणं मी अजून शोधतो. ती गेल्यापासून पोराच्या नेरूळच्या घरात राहतो, तिथे सगळं आहे. टीव्ही तर दोन आहेत.

दुपारी पाणी आलं, होडी उठली, समुद्राकडचा वारा सुटला. रेवसला दिवेलागणीला टेकलो. बायको चिखलाच्या पायांनीच मांडवात पळाली. चुलती पाटावर बसलेली, खाकरून तयार. पण हळदीची वाटी सासूच्या मांडीवर. दुपारपासून कुणी मागितली तरी तिने ती पदराखाली धरून ठेवली होती. आवाज नव्हता, त्यामुळे भांडण करायचा सवाल नव्हता. नुसती मान हलवायची.

चुलती म्हणाली, "आली गो नवी मुंबई. पाट गरम करून ठेवलाय तुजा."

"मग उठ काकी. गार व्हायाच्या आत बसते."

आणि बसली. एकेक देव आला. चौथ्यानंतर ती थांबली. मग तिने आमच्या गावच्या बापदेवाला बोलावलं, आणि त्याच्या मागून समुद्राला.

चुलती मध्येच, "ह्यो देव कुटला? आपला नाय ह्यो."

मागून माझी आई म्हणाली, "आमचा हाय. होडीतून आलाय, बसू दे त्याला."

मांडव हसला. सासूने पदर बाजूला केला आणि वाटी लेकीच्या हातात दिली.

त्यानंतर तिला लांबलांबून बोलावणी यायची. उरण, पेण, कुठून कुठून. मी मांडवाबाहेर बसून विड्या ओढायचो. तुम्ही कोण, असं कुणी विचारलं की सांगायचो, धवलारणीचा होडीवाला. पुढे होडी विकली, आम्ही एसटीने जायला लागलो, तरी मी तेच सांगायचो.