बाईची चुकलेली गाडी

रेल्वेने गाडीची वेळ बदलली आणि कोणालाही कळवले नाही, असे मी बराच काळ सभांतून सांगत आलो. त्यातला पहिला भाग खरा होता. दुसऱ्या भागाविषयी सांगायचे तर, कळवले गेले होते आणि ते मलाच कळवले गेले होते. ही गोष्ट मी घरच्यांपासून लपवली.

नवेगाव बांधच्या बाजूला ज्याचा कोणी नातेवाईक गोंदियात राहतो, तो वेळापत्रक पाहत नाही, नातेवाइकाला विचारतो. माझे घर गोंदिया स्टेशनच्या मागे, त्यामुळे मी स्वतःला अर्धा रेल्वेचाच माणूस समजत आलो. नवेगावकडे दिलेल्या माझ्या मोठ्या बहिणीला, आम्ही तिला बाई म्हणतो, नाशिकला जायचे होते. तिची लेक पहिलटकरीण होती आणि जावई नोकरीनिमित्त परगावी. तिकीट मी काढले आणि मोबाइल क्रमांकही माझाच दिला. बाईने सकाळी पॅसेंजरने गोंदियाला यायचे, पूल ओलांडायचा आणि थेट नाशिकची गाडी धरायची, असा बेत ठरला. मध्ये चहा घेण्याइतकी सवड होती. नागपूरला गाडी बदलायची म्हटले की बाईला धास्ती वाटे, म्हणून त्या थेट गाडीवर तिचा फार जीव.

आदल्या संध्याकाळी मी टपरीवर रेल्वेच्या कारभारावर बोलत होतो. वेळा बदलतात आणि प्रवाशाला पत्ता नसतो, हा माझा मुद्दा. चहावाला म्हणाला, "मेसेज तो आता है ना भैया, मोबाइल पे."

"खेड्यातल्या माणसाला कोण मेसेज करतो?" मी म्हणालो.

मी बोलतच होतो, तेवढ्यात मेसेज आला. बाईची नाशिकची गाडी उद्यापासून लवकर सुटणार होती. मी तो नीट वाचला. माझे वाक्य अर्धवट राहिले होते, म्हणून फोन खिशात ठेवून आधी ते पूर्ण केले. वाक्य चांगले जमले. दोघांनी माना डोलावल्या. बाईला घरी जाऊन फोन करू, असे ठरवले आणि घरी जाऊन जेवलो. फोन केला असता तर ती पहाटेच्या एसटीने सहज पोहोचली असती.

मला आठवण झाली ती थेट फलाटावर, नाशिकची गाडी समोर येऊन उभी राहिली तेव्हा. बाईची पॅसेंजर अजून वाटेत होती. गाड्या वेळेवर सुटत नाहीत, ही माझी जुनी तक्रार. ती गाडी अगदी वेळेवर सुटली.

बाई पिशव्या सावरत पूल उतरून आली आणि मोकळ्या रुळांकडे पाहत राहिली. "गेली का रे, बाबू?"

"वेळ बदलवली, बाई. कोणालेच सांगितलं नाई." वाक्य अडखळले नाही. सराव होता.

दुसऱ्या दिवशी ती जनरलच्या डब्यात बसून गेली. पोहोचली तोवर लेकीचे ऑपरेशन होऊन गेले होते. बाळबाळंतीण सुखरूप होती. मात्र लेक ऑपरेशनला आत जाताना तिच्याजवळ आपले कोणी नव्हते.

पुढे प्रवाशांची समिती झाली. पॅसेंजर आणि थेट गाडी यांचा मेळ पुन्हा घालावा, ही मागणी रास्त होती आणि आजही आहे. पण त्या मागणीसाठी माझ्याकडे उदाहरण होते ते बाईचेच. मी ते इतक्या हळव्या आवाजात सांगत असे की लोक मला संवेदनशील म्हणू लागले. मीही हरकत घेतली नाही.

मग बाईच्याच गावात सभा ठरली आणि कोणीतरी आग्रहाने तिला बोलायला उभे केले. तिने माईक दूर सारला.

"रेल्वेले कायले बोलता? पोरगी आठ दिवसांपासून ये म्हणून राहिली होती. मीच धानाच्या कापणीपायी थांबली. आधी निघाली असती तर? अजूनही ते आठवून झोप लागत नाई मले."

मागून एक म्हातारा म्हणाला, "बसा मावशी, तुम्ही तं रेल्वेलेच सोडवून राहिल्या." लोक हसले. बाई हसली नाही. पदर सारखा करून खाली बसली.

माझे भाषण मला नेहमी पाठ असते. मी इतके दिवस रेल्वेवर टाकत आलो ते ओझे रेल्वेने कधी घेतलेच नव्हते; बाईने मुकाट्याने उचलले होते, आणि तिची झोप माझ्या एका पूर्ण केलेल्या वाक्यापायी गेली होती. समारोपासाठी अध्यक्षांनी माझे नाव पुकारले. मी उठलो, पण लोकांकडे वळलो नाही. बाई बसली होती तिथे तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"बाई, तू उशीर नाई केला. मेसेज आदल्याच दिवशी माह्या फोनवर आला होता. मी वाचला, अन् तुले सांगितला नाई. पोरीजवळ तू नव्हती, ते माह्यापायी. मले माफ कर."