फोटोसाठी भरलेली खाडी

रोह्याच्या एका परदेशी मालकीच्या केमिकल कंपनीत मी सीएसआर बघतो. ‘बघतो’ हेच बरोबर, कारण करणारे दुसरेच असतात. कंपनीचा नियम असा की जिथे आपला कारखाना आहे तिथल्या लोकांचं काहीतरी भलं करायचं, आणि ते केलेलं दिसलं पाहिजे. मला नोकरीवर ठेवलंय ते मुख्यतः नियमाच्या उत्तरार्धासाठी.

दरवर्षी एका ठरलेल्या आठवड्यात कंपनीच्या सगळ्या देशांतल्या कारखान्यांत स्वयंसेवा दिन होतो. साहेबलोक कॉम्प्युटर सोडून गावात जातात, हात मळवतात आणि फोटो मुख्य कार्यालयाला पाठवतात. तिथे साऱ्या जगातून एका फोटोला पहिला नंबर मिळतो. ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या वर्षी कुठल्याशा देशातल्या लोकांनी समुद्रात कासवाची पिल्लं सोडली होती. मागे तांबडा सूर्य, पुढे इवलीशी पिल्लं. आमचा फोटो हात धुण्याच्या साबणाच्या वाटपाचा होता. मधोमध मी, आणि माझे दोन्ही डोळे मिटलेले. आमचा नंबर शेवटून पहिला आला. प्लांट हेड एवढंच म्हणाले, “पुढच्या वर्षी निदान जागे राहा.”

हा घाव मी वर्षभर उराशी बाळगला. त्यात यंदा मुख्य कार्यालयातून एक संचालक बाई स्वतः येणार असं कळलं, सोबत आणखी तिघं जण. मी पेटलोच!

गाव निवडलं पेणच्या पलीकडचं, खाडीकाठचं. कागदावर मी त्याची पाच कारणं दिली होती. खरं कारण सहावं होतं. मी राहतो पेणमध्येच, रामवाडीला, म्हणजे तिथे काम असलं की दुपारी घरी जेवायला जाता येतं.

गावच्या बैठकीत शाळेची भिंत रंगवायची ठरली. ही भिंत आमच्या भागात प्रसिद्ध आहे. आधी एका कंपनीने तिच्यावर सूर्यमाला काढली. मग दुसरीने त्यावर पाढे लिहिले. तिसरीने पाढ्यांवर ‘पाणी वाचवा’. आता आम्ही पृथ्वीचा गोळा काढून त्याला धरणारे दहा हात काढणार होतो. मुख्याध्यापक हात जोडून म्हणाले, “काढा साहेब. पण आणखी दोन-तीन कंपन्या आल्या ना, तर रंगाच्या थराने माझा वर्ग लहान होईल.”

त्याच बैठकीत काकी होती. सगळं गाव तिला काकी म्हणतं. नवरा नाही, शेत एकटीच कसते. तिचं शेत खाडीच्या बांधाला अगदी लागून. आमच्याकडे खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध असतो. तो फुटला तर खारं पाणी शेतात घुसतं. त्या वर्षीचं भात तर जातंच, पण जमीन खारावली की पुढची दोन-तीन वर्षंही काही पिकत नाही. काकीच्या शेतामागचा बांध खचला होता. ती दोन वर्षं माझ्यामागे लागली होती, “सायब, भित नको. बांध द्या.”

मी तिला दोनदा पत्र पाठवलं होतं. ‘आपल्या मागणीचा सहानुभूतिपूर्वक विचार करण्यात आला असून, सदर काम कंपनीच्या कोणत्याही उपक्रमात बसत नसल्याने दिलगीर आहोत.’ आमचे उपक्रम चार : शिक्षण, आरोग्य, पर्यावरण आणि महिला. काकी महिला होती, पण बांध नव्हता. दुसरं पत्र तिने कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि मला फोन केला.

“पत्र मस्त लिवलंय. बांधावर अंथरू का?”

मला राग आला. माझ्या मराठीचा मला तेव्हा फार अभिमान होता.

तारीख ठरवताना मी डोकं लढवलं. खाडी ओसरली की नुसता काळा चिखल दिसतो, फोटोत अगदीच गरीब. म्हणून मी विचारलं, “काकी, खाडी काठोकाठ भरलेली कधी असते? दिवसाउजेडी?”

“सर्वपित्रीला बाराच्या टायमाला. पन त्या दिवशी नका ठेवू हो. आवस हाय.”

आता माझं शिक्षण उसळून आलं. मी खुर्चीवरून उठलो आणि सगळ्या गावापुढे अंधश्रद्धेवर दहा मिनिटं बोललो. अमावास्या म्हणजे काय, चंद्र म्हणजे काय, पृथ्वी कशी फिरते, सगळं. भिंतीवर पूर्वी सूर्यमाला होती, तिचाही उल्लेख केला. लोक शांतपणे ऐकत होते. शेवटी काकी म्हणाली, “बरं. तुमी शिकलेले.”

तिला शुभ-अशुभाशी काही देणंघेणं नव्हतं. अमावास्येला उधाण येतं, भरती सगळ्यात उंच चढते, आणि त्या दिवशी गावाचं लक्ष बांधावर लागतं, एवढंच तिला सांगायचं होतं. चंद्राची सगळी माहिती मीच दिली. भरतीचं तेवढं राहून गेलं!

त्या दिवशी सकाळी पाहुणे आले. संचालक बाई साठीच्या, उंच, अगदी कमी बोलणाऱ्या. आम्ही सगळ्यांनी कंपनीचे पांढरे टी-शर्ट घातले होते. निळ्या रंगाच्या बादल्या रांगेत मांडल्या, वीस फुटी फ्लेक्स बांधला. आणि खाडी! काय सांगू, खाडी अशी तुडुंब भरत होती की मला गहिवरून आलं. कासवं गेली खड्ड्यात, असं मी मनात म्हणालोसुद्धा.

फक्त काकीचा पत्ता नव्हता. फोटोत लाभार्थी महिला म्हणून मी तिचीच जागा ठेवली होती. शाळेपासून बांध पाच मिनिटांवर. मी तिला आणायला गेलो.

ती बांधावर होती. एक पाय बाहेर, दुसरा गुडघ्यापर्यंत बांधाच्या आत.

“काकी, चला हो! सगळे खोळंबलेत.”

“सायब, इकडं ये आधी. पलत ये!”

मी पळत गेलो. तिच्या पायाभोवतीच्या फटीतून गढूळ पाणी शेतात झिरपत होतं. एका बाजूला खाडी बांधाच्या माथ्याला टेकलेली, दुसऱ्या बाजूला तिचं पोटरीला आलेलं हिरवंगार भात, खाडीपेक्षा पुरुषभर खाली. तोवर मी बांधावर कधी चढलोच नव्हतो. पाणी वर आणि शेत खाली, हे पत्रात कुठेच नव्हतं.

“चिंबोरीचं बील व्हतं, आता माजा पाय जातोय,” पायाखालच्या खेकड्याच्या बिळाकडे बोट दाखवत काकी म्हणाली. “अर्दं गाव वर राखनीला गेलंय, मागं बांध फुटला व्हता त्या खांडीवर. मी बोलावून आनते. तू बस हितं.”

“कुठे?”

“बिलावर!”

“अहो, माझी पँट—”

“बस म्हनते ना, मेल्या!”

मी बसलो. शरीराचा तो भाग समाजाच्या इतक्या थेट उपयोगी याआधी कधीच पडला नव्हता. काकी साडी खोचून धावत सुटली. खालून गार पाणी मला ओढत होतं, जणू खाडीला मी हवा होतो. मी खिशातून फोन काढून आमच्या ड्रायव्हर चाचांना लावला. हे आमचे चाचा म्हसळ्याकडचे. उमेदीची वर्षं आखातात गाडी चालवण्यात घालवली आणि आता कंपनीची गाडी चालवतात.

“चाचा, सगळ्यांना बांधावर आणा! लगेच!”

“फोटो इथे काढायचाय का, साहेब?”

“फोटो नाही! बांध फुटतोय!”

“या अल्ला! तुम्ही कुठे आहात?”

“मी… मी त्याच्यावर बसलोय.”

पलीकडून चाचा फार गंभीरपणे म्हणाले, “उठू नका.”

माझं इंग्रजी असं आहे की पाहुण्यांपुढे बोलायच्या आधी मी वाक्य लिहून काढतो. चाचांनी मात्र दोन-तीन शब्दांत चौघांना काय सांगितलं कोण जाणे, पण भिंत सोडून सगळे धावत आले. पुढे संचालक बाई. चिखलात त्यांचा एक बूट गेला. त्यांनी दुसराही काढून फेकला आणि तशाच आल्या. मला बिळावर बसलेला पाहून त्यांनी काहीतरी विचारलं. चाचा म्हणाले, “विचारतात, लागलंय का?” मी मानेनेच नाही म्हटलं, तेवढ्यात माझ्या उजवीकडची बैलगाडीभर माती खाली सरकली.

आता बीळ राहिलं नाही, खांड पडली. दोन्ही हात पसरले तरी कवेत मावणार नाही एवढी वाट, आणि तिच्यातून खाडी आत. मी बाजूला फेकला गेलो. तोवर काकी आली, मागे पंधरा-वीस बायका-माणसं, कुणाच्या डोक्यावर पेंढा, कुणाच्या खांद्यावर बांबूचे खुंट. सर्वपित्रीचं जेवण चुलीवर तसंच टाकून आलेली.

“खुंट आधी ठोका! आडवा पेंढा! माती मागनं!” काकीचा आवाज अख्ख्या खाडीवर घुमत होता. “ए गो पोरी, तू वर थांब! सायब, तू मातीला जा!”

खालच्या खाजणातून, म्हणजे शेताकडेच्या पडीक चिखलट जमिनीतून, माती कापून हातोहात वर द्यायची साखळी लागली. माझ्या एका बाजूला मुख्याध्यापक, दुसऱ्या बाजूला संचालक बाई. माती वाहायला घमेली कमी पडली, म्हणून कुणीतरी शाळेतून रंगाच्या बादल्या आणल्या. आतला निळा रंग गटारात ओतलेला. मुख्याध्यापक चिखलाने माखलेल्या तोंडाने हसले, “चला, वर्ग वाचला!”

पाणी पेंढ्यातून तरीही वाट काढत होतं. दोघा जणांनी आमचा वीस फुटी फ्लेक्स उपटून आणला. तो खांडीत घालताना माझ्या तोंडून जे गेलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण चाचांनी सगळ्या रोह्यात सांगितलंय. मी ओरडलो, “लोगो वर! लोगो वर ठेवा!”

“लोगो?” काकी कडाडली. “त्याला पन आत घाल रं!”

लोगो आत गेला. त्याच्यावर माती, मातीवर पेंढा, पेंढ्यावर माती. किती वेळ चाललं ठाऊक नाही. हातांची सालं गेली, कंबर मोडली, आणि गंमत म्हणजे मला थांबावंसंच वाटेना. पाच-सहा वर्षं सीएसआरमध्ये काढून पहिल्यांदाच मी जे करत होतो त्यावाचून कुणाचं तरी अडत होतं. मी ओरडत होतो, बाई त्यांच्या भाषेत ओरडत होत्या, कुणाला कुणाचं कळत नव्हतं आणि माती मात्र बरोबर पुढच्या हातात पडत होती.

मग एकाएकी काकी म्हणाली, “थांबली.”

भरती थांबली होती. पाणी बांधाच्या माथ्यापासून चार बोटं उतरलं आणि उतरत राहिलं. काकी शेतात गेली. खाली वाकून ओंजळीतलं पाणी चाटून बघत ती कडेकडेने फिरली. आम्ही सगळे वर उभे, तिच्या तोंडाकडे बघत. पंगतीची पन्नास पानं बसतील एवढा कोपरा खारा झाला होता. बाकीचं भात गोड्या पाण्यात उभं होतं. ती तिथेच बांधाला टेकून बसली आणि पदराने तोंड पुसायला लागली. बराच वेळ पुसत होती.

संचालक बाई अनवाणी तिच्याशेजारी जाऊन बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी चाचांमार्फत विचारलं, “हा बांध दुरुस्त करून द्या असं आमच्याकडे कधी कुणी मागितलं नव्हतं?”

चाचांनी प्रश्न मराठीत सांगितला आणि मग खाडीकडे बघायला लागले. मुख्याध्यापकही खाडीकडे बघायला लागले. काकीने माझ्याकडे पाहिलं आणि ती पदराचा चिखल झटकायला लागली. तिला सांगता आलं असतं. दोन पत्रं तिच्या ट्रंकेत होती.

मी चिखलाचा हात वर केला. “दोनदा मागितला. नाही मी म्हटलं. कुठल्याच उपक्रमात बसत नव्हता.”

चाचांनी सांगितलं. बाई हसतील असं मला वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मग उपक्रम चुकीचे आहेत. तसं लिहून पाठवा. आणि नाही कुणी म्हटलं, तेही लिहा.”

लिहिलं. माझ्या आयुष्यातलं ते एकमेव सरकारी थाट नसलेलं पत्र. फोटोंच्या स्पर्धेत त्या वर्षी आमचा नंबर आलाच नाही. चाचांनी काढलेला एकच फोटो होता, मी बिळावर बसलेला, आणि त्यात लोगो दिसत नाही म्हणून तो बाद झाला. डोळे मात्र टक्क उघडे आहेत.

बांधाला मंजुरी यायला उन्हाळा उजाडला. मी उत्साहाने मुरमाचे दहा डंपर मागवले. पहिला डंपर रिकामा होण्याआधीच काकी आडवी उभी. “ह्यो दगड कुनी सांगितला? खाडीला खाडीचीच माती लागते. मुरूम पानी धरील का रं?” डंपर परत गेले. प्लांट हेडना काय सांगितलं ते इथे सांगत नाही. मग महिनाभर मी आणि माझे बूट खाजणात. काकी माती हातात मळून बघायची, पसंत पडली तरच बांधावर. बाहेरचा उतार किती लांब ठेवायचा तेही तीच पावलांनी मोजायची आणि मी वहीत लिहायचो.

पुन्हा भादव्यातली अमावास्या आली. या वेळी मी कुणालाच बोलावलं नव्हतं. मी रजा टाकली, चाचा आपण होऊन आले. बाराच्या सुमाराला खाडी चढत चढत नव्या बांधाला टेकली. काकी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली, मध्ये दोन ठिकाणी टाच दाबून बघितली. मी वही हातात धरून तिच्या मागोमाग.

“काय काकी? टिकला ना?”

तिने आधी खाडीकडे पाहिलं, मग भाताकडे.

“अजून दोन उधानं जाऊ दे. मंग सांगते,” ती म्हणाली, आणि मला बसायला तिच्या बाजूची कोरडी जागा हाताने साफ करून दिली.