गुळवेलीची न दाखवलेली स्लाइड

“तू सांगितलेल्या त्या पावडरचं इंग्रजी नाव काय रे? इथले डॉक्टर विचारतायत,” जोशीकाका हॉस्पिटलमधून फोनवर म्हणाले. “तुझी काकू पिवळी पडलीय. डोळेसुद्धा.”

“गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा,” मी म्हणालो. लॅबमध्ये होतो. तसाच निघालो.

मी डॉक्टर आहे तो पीएचडीचा. अमेरिकेत, पिस्कॅटवे गावातल्या एका लॅबमध्ये फॅटी लिव्हरवर, म्हणजे यकृतात साचणाऱ्या चरबीवर, काम करतो. उंदरांना तुपकट खाणं घालायचं, मग वनस्पतींचे अर्क देऊन काय होतं ते बघायचं. पीएचडीचा डॉक्टर वेगळा आणि औषध देणारा वेगळा, हा फरक इथल्या मराठी मंडळाला नको असतो. संक्रांतीला त्यांनी माझं भाषण ठेवलं. गुळवेलीने उंदरांच्या यकृतातली चरबी उतरली, हे मी सांगितलं. टाळ्या पडल्या. पुढच्या स्लाइडवर होतं, की काही उंदरांची यकृतं उलट बिघडली आणि कारण कळलेलं नाही. ती मी गाळली. वेळ नव्हता, असं नंतर स्वतःला सांगितलं. वेळ होता.

चहाच्या वेळी काकूंनी विचारलं, “माझ्या रिपोर्टमध्ये फॅटी लिव्हरच आलंय. गुळवेलीची पावडर घेऊ का रे मी?”

“घ्या की. आपलं घरचंच आहे.”

हॉस्पिटलमध्ये भरती करताना ‘काही मेडिसिन्स घेता का?’ म्हणून विचारलं, तर काकूंनी ‘नो’ सांगितलं होतं. रोजची पावडर म्हणजे औषध थोडंच! पुढे काकांना पावडर आठवेपर्यंत बराच वेळ गेला.

“हू रेकमेंडेड इट?” डॉक्टरांनी माझ्यासमोरच विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “फॅमिली,” म्हणाले.

मी फक्त टिनोस्पोराचं स्पेलिंग सांगितलं.

काकूंचं लिव्हर निकामी झालं होतं; बसवायला दुसरं मिळायच्या आत त्या गेल्या. पावडरनेच झालं असावं, खात्रीने सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या ‘खात्रीने सांगता येत नाही’ला धरून मी बरेच महिने काढले.

मग एकदा काकांचा फोन आला. “माझ्याही रिपोर्टमध्ये फॅटी लिव्हर आलंय रे. मी काय घेऊ?”

“काही नको. तुमच्या डॉक्टरांचं ऐका, वजन उतरवा, चाला.”

“एवढंच? मग एवढं शिकून उपयोग काय तुझा?” ते हसले.

तेव्हा मी त्यांना ती गाळलेली स्लाइड सांगितली. त्यांनी फोन ठेवला नाही. म्हणाले, “तिला सांगितलं असतंस, तर तिने घेतली नसती रे. भित्री होती.”

आता कुणी विचारलं, तर वाईट निकाल मी आधी सांगतो. मंडळाने पुन्हा बोलावलेलं नाही.