विशाखाचा पाय आन् कडुबाकाकाचा अँप

आमची विशाखा गिटार वाजवती. मी नववी शिकलेला, चितेगावला कंपनीत फिटर, पण सांगतो, आख्ख्या संभाजीनगरात भीमगीतांच्या पार्टीत गिटार घेऊन उभी राहणारी पोरगी एकच, आन् ती माझी बहीण. पटत नसंल त्यानं दुसरी दाखवावी.

पार्टी कडुबाकाकाची. गिटारचा आवाज मोठा करायचा अँप बी त्यांचाच, जुना, घासाघीस करून आणलेला. त्याला पायाखाली बटण. दाबलं की साधा आवाज पलटून गुरगुरता व्हायला पाहिजे. पण हा अँप लई मोठा साहेब. बटण दाबा, साहेब विचार करणार, मंग पलटणार. तोवर कोरस पुढं गेलेला.

"पोरी, तू उशिरा येती," काका म्हणले.

"मी नाय काका, अँप उशिरा पलटतो."

"माझा अँप?" काकाचं तोंड असं झालं, जसं काय त्यांच्या खानदानाला नावं ठेवली. "छावणीत भीमजयंतीच्या कार्यक्रमाला असं चालायचं नाय. माझा भाचा इंद्रजीत पुण्यात गिटारचा क्लास करून आलाय. बुधवारी दोघं वाजवा. जमंल तो राहील."

क्लास! सर्टिफिकेट बी असंल, फ्रेम केलेलं.

मी म्हणलं, "विशे, आण इकडं, खोलतो. कंपनीत याच्या बापाला सरळ केलंय मी."

"दादा, हात लावू नको. काका म्हणतील, तुम्हीच बिघडवला."

मंग तिनं पायाची वेळच बदलली. भाकरी थापताना, धुणं पिळताना पाय चालू. कोरसच्या एक थाप आधी बटण. आठ दिवस. आई म्हणली, हिला डॉक्टरला दाखव.

बुधवारी आधी इंद्रजीत. खोलीत बी गॉगल. कोरस आला, भाऊनं ऐटीत बटण दाबलं, साहेबांनी विचार केला, आवाज पलटला तवा कोरसचा पहिला शब्द निघून गेलेला. तीनदा तेच.

"मामा, अँप उशिरा पलटतो."

ढोलकीवाला तोंड फिरवून हसला.

मंग विशाखा. एक थाप आधी पाय खाली, आन् कोरसच्या पहिल्या शब्दावर आवाज असा गुरगुरला का माझ्या अंगावर काटा.

"अँपला बी माणूस ओळखू येतो," काका म्हणले.

"मंग छावणीला कोण, काका?"

"तूच. अजून कोण?"

"मंग फ्लेक्सवर माझं नाव टाका. 'आणि संच' मधी नको."

"टाकतो, बाई."

फ्लेक्सवाल्याकडं मी सोता उभा राहिलो. नाव काकाच्या नावाएवढंच मोठं करून घेतलं. काकानं अजून पाहिलं नाय.