बूट काढ बे

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं की मी आबांचं नाव घेतो. आबा म्हणजे घाटनांदूरजवळच्या आमच्या गावचे मेंढपाळ. शाळेची पायरी ते कधी चढले नाहीत. घरातला पहिला पदवीधर मी, तो मात्र त्यांच्यामुळे झालो.

गावाबाहेर माळाच्या कुशीत एक जिवंत झरा आहे. भर उन्हाळ्यातही तिथली गुंठाभर जमीन ओली असते. आबा काठी आडवी धरून वाट अडवायचे.

"बूट काढ बे! कुणाच्या घरात शिरलास?"

तलाठी असो की सोयरा, सुटका नाही. मला वाटायचं, तिथे देव असेल.

"देव कशाचा? अनवाणी माणूस खाली बघून चालतंय."

मीही खाली बघितलं. तांबडी, रुपयाएवढी रोपं, पानांवर चिकट थेंब, एका थेंबात अडकलेलं चिलट. त्या रोपांच्या ओढीनंच कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं. सर म्हणाले, हे दवबिंदू, आपल्याकडे फार दुर्मीळ. मी धावत येऊन सांगितलं, "आबा, हे झाड मांसाहारी आहे!"

"तरीच," आबा म्हणाले, "माळकरी हितं थांबत न्हाईत."

मग शेततळं खणायला जेसीबी आला, नेमका झऱ्यावर. आबा समोर मांडी घालून बसले.

"म्हातारबा, सरका की. हितं काहून बसलाव?" ड्रायव्हर ओरडला.

"सरकतो. पण हितली झाडं मांस खात्यात. ह्याला इचार, लई शिकलेला हाय."

"खरं हाय का बे?"

मी कधी खोटं बोललो नव्हतो. तेव्हाही बोललो नाही. "हो, खातात," म्हणालो. किती मोठं मांस, ते त्यानं विचारलं नाही. "सरपंचाला इचारून येतो," म्हणून जेसीबी माघारी गेला.

आठवड्यानं ग्रामसभा झाली. आबा तेव्हा मेंढरं घेऊन उमापूरकडे होते. मी त्यांच्या तिथल्या लेकीच्या पत्त्यावर पत्र टाकलं.

आबा आता नाहीत. लेक सांगते, तिच्याकडून एकदा वाचून घेतलेलं ते पत्र शेवटपर्यंत त्यांच्या पटक्यात खोचलेलं होतं.

"ती. आबांना साष्टांग नमस्कार.

झरा राहिला. शेततळं खाली मुरमाडात खणायचं ठरलं. सभेआधी सगळे बघायला आले, तेव्हा तुमच्या जागी मी उभा होतो. सरपंचांना 'काढ बे' म्हणायला जीभ रेटेना, 'काढा' म्हणालो. त्यांनी काढले, आणि खाली बघत चालले.

ड्रायव्हरही आला होता. रोप बघून म्हणाला, 'एवढंच?' मी म्हणालो, 'अजून लहान आहे.'

हे मात्र खोटं होतं, आबा. माफी असावी."